वाणातली वांग्याची रोपं

कौसा,

तुझ्या तेराव्याला माणसं मोजायची नाहीत असं मी ठरवलं होतं. तरी मोजली गेली, कारण पत्रावळ्या मागवायचं काम माझ्याकडे होतं. पाहुणे, भावकी, शेजारचे मळे असं सगळं कागदावर लिहून मी आकडा काढला, दोनशे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, चारशे तरी सांगा." ज्याची बायको गेली त्याला कुठला अंदाज, असं म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या पंगतीलाच पत्रावळ्या संपल्या. चौसाळ्याला माणूस पाठवला, त्यानं आणलेले गठ्ठेही संपले, मग पुन्हा पाठवला. बायका उन्हात उभ्या होत्या आणि एकही कुरकुरत नव्हती. मी बुंदीची परात घेऊन ओळीतून वाढत फिरत होते, आणि मनात आलं, माझ्या तेराव्याला दोनशे पुरतील.

त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की डोळे भरून आले. बघणाऱ्यांना वाटलं, थोरल्या बाई जावेसाठी रडतायत. तेही खोटं नव्हतं.

हे तुला लिहिते आहे, पण याची प्रत कॅनडात नेहा आणि ईशानला जाणार आहे. माझ्या नातवंडांना मळ्यातली कामं माहीत नाहीत, म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी समजावून लिहीन. तू हसशील. "शाळा सुटली तरी बाईंचा खडू काय सुटंना," हे तुझं वाक्य मला आत्ताही ऐकू येतं आहे.

नातवंडं माझी. माझ्या मुलीची. पण फोनवर चेहरा दिसायला लागला की ईशानचा पहिला प्रश्न, "मळ्यातली आजी कुठंय?" मग मी मोबाइल हातात धरून भर उन्हात सरीसरीनं तुझ्यापर्यंत चालत जायचे. तू मातीचे हात पदराला पुसायचीस, पडद्याच्या फार जवळ तोंड न्यायचीस, पोरांना फक्त तुझं नाक दिसायचं आणि ती खिदळायची. मी बाजूला उभी राहून फोन धरायचे. हात दुखायचा. तुम्हा तिघांचं बोलणं संपलं की उरलेल्या दोन मिनिटांत मला विचारलं जायचं, "आजी, तू कशी आहेस?"

मी औरंगाबादला राहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली, पुढं तीस वर्षं शाळेत विज्ञान आणि इंग्रजी शिकवलं. तू चौथीपर्यंत शिकलेली, माहेरी मेंढरं, लग्नानंतर थेट या रानात. मी थोरली, तू धाकटी. मी शाळेच्या गावी राहायचे तेव्हा तू हे माळव्याचं रान सांभाळलंस; टमाटे, वांगी, काकडी, भेंडी. निवृत्त होऊन मी मळ्यात राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं की आता हे काम जरा पद्धतशीर होईल. तुझी खुरपी कुठंही पडलेली असायची. बी चुरगळलेल्या कागदात, कागदावर नाव नाही, आणि विचारलं तर, "वास घेऊन बगा ना, जाऊबाई." मी डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. तू त्या चिठ्ठ्यांवर मिश्रीची डबी ठेवायचीस.

तेव्हा दोन वर्षांपासून काकडीचे वेल दुपारी मान टाकत होते. पाणी भरपूर, खत वेळेवर, तरी उन्हं चढली की पानं लोंबायची आणि संध्याकाळी पुन्हा उठायची. सगळे म्हणाले, पाणी वाढवा. तू एक वेल सरळ उपटलास आणि माझ्यासमोर धरलास. "बगा हे. मुळाला आलं फुटलंय."

खरंच आल्याच्या कुड्यांसारख्या गाठी होत्या. आणि त्या दिवशी मी जिंकले. मी तुला सांगितलं की हे सूत्रकृमी. डोळ्याला न दिसणारे धाग्यासारखे किडे मातीतून मुळात शिरतात, मादी आत बसून फुगते, मुळाला गाठ येते आणि पाण्याची वाट अडते. मी मूळ चिरून, भिंग आणून, मोत्यासारखी ती मादी तुला दाखवली. तू बराच वेळ भिंगातून बघत राहिलीस. मग म्हणालीस, "जाऊबाई, तुमी हे आदी सांगितलं असतं तर दोन वर्सं वाचली असती." ते कौतुक होतं. मी ते अजून जपून ठेवलं आहे, कारण त्यानंतर मातीच्या बाबतीत माझी सरशी कधीच झाली नाही.

दाणेदार औषध मीच चौसाळ्याच्या दुकानातून आणलं. हातमोजे, तोंडाला फडकं, एकरी प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं मी पाळलं आणि तुला पाळायला लावलं. पहिली दोन वर्षं पीक असं आलं की लोक बघायला येत. मग हळूहळू गाठी परत आल्या. मी म्हटलं, प्रमाण चुकलं. तिसऱ्या वर्षी मी स्वतः तराजू घेऊन बसले. गाठी आल्याच. चौथ्या वर्षी मी प्रमाण वाढवलं, जे पुडक्यावर करू नका म्हणून छापलेलं होतं, आणि माझ्याच शिस्तीच्या विरुद्ध होतं. तू बांधावर बसून म्हणालीस, "त्येला आता हे औषीद सकाळच्या च्यासारखं झालंय. वाट बघत बसत असंल, कावून अजून आलं न्हाई म्हून."

मी चिडले. नववीच्या वर्गाला मीच शिकवलं होतं की डासांवर तीच पावडर वर्षानुवर्षं मारली तर जे थोडे वाचतात त्यांचीच पिलावळ वाढते आणि पुढं पावडर चालत नाही. फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं. तेच आपल्या रानात झालं असेल हे तू, चौथी शिकलेली, चहाची उपमा देऊन सांगत होतीस आणि मी तराजू पुसत होते.

तुझेही अंदाज चुकायचे, हे पोरांना कळायला हवं. एकदा परळीहून राख आणणाऱ्या एका व्यापाऱ्यानं तुला पटवलं की विजेच्या कारखान्याची राख टाकली की जमिनीतली सगळी कीड जळते. तू मला न विचारता एक ट्रॉली राख अर्ध्या वाफ्यावर पसरलीस. गाठी तशाच राहिल्या, वर वाऱ्यानं राख उडून महिनाभर आपल्या चहात, भाकरीत, धुतलेल्या लुगड्यांत. भाऊजी शिंकून शिंकून बेजार. तुला बोलणं सुचेना तेव्हा मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या पहिल्या पगाराला झाला नव्हता. मी वहीत लिहून ठेवलं, "राख, निरुपयोगी." त्याखाली लाल रेघ मारली.

पण तू तिथंच थांबली नाहीस, आणि मी थांबले होते, हा फरक.

तू गोडेतेलाचे रिकामे डबे गोळा केलेस. रानाच्या चार कोपऱ्यांतली माती वेगवेगळी आणून प्रत्येक कोपऱ्याचे दोन-दोन डबे भरलेस. एकात औषध, एकात नाही. सगळ्यांत काकडीचं बी टोकलंस. डब्यांवर नावं नव्हती. औषधाच्या डब्याला हिरवी चिंधी, बिनऔषधाच्या डब्याला लाल. चाळीस-एक दिवसांनी एकेक रोप उपटून मुळं पाण्यात धुऊन तू अंगणात ओळीनं मांडलीस आणि मला हाक मारलीस. हिरव्या चिंधीच्या मुळांना लाल चिंधीएवढ्याच गाठी होत्या. फक्त विहिरीपलीकडच्या कोपऱ्यातली मुळं, जिथं आपण कधी माळवं केलं नव्हतं, ती स्वच्छ, पांढरी, केसासारखी.

प्रयोग असाच करतात, कौसा. तुलना करायला एक बाजू मोकळी ठेवायची असते, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. मी काय म्हणाले आठवतं? "डब्यात औषध किती टाकलंस ते मोजलं नाहीस, म्हणून हे ग्राह्य नाही." ग्राह्य हा शब्द तुला कळला नाही, पण सूर कळला. तू मुळं गोळा करून चुलीत टाकलीस.

कृषी महाविद्यालयातून एक शास्त्रज्ञ बाई आल्या तेव्हा मी चहाची बशी, माझी वही आणि औषधाची रिकामी पुडकी टेबलावर मांडून ठेवली होती. त्यांनी वही चाळली, छान म्हटलं, आणि तू पुन्हा भरून मांडलेल्या डब्यांपाशी जाऊन बसल्या. जमिनीवर. दीड तास. शेवटी विचारलं, "मावशी, ही पद्धत तुम्हाला कुणी शिकवली?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आमच्या जाऊबाईंनी. त्या शिकलेल्या हायती."

त्या माझ्याकडे वळून आदरानं हसल्या. मी नाही म्हटलं नाही. त्या दुपारी मला कळलं की मागून मिळालं नाही तर राग येतो, पण न मागता कुणी हातावर ठेवलं तर त्याहून जास्त येतो. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तुला वाटलं माझं डोकं दुखतंय. तू ओवा भाजून दिलास.

त्या बाईंनी सांगितलं की दोन गोष्टी असू शकतात. एक, जे किडे औषधातून वाचले त्यांच्या पिढ्यांवर ते आता चालत नाही. दुसरी, मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंना त्या औषधाची सवय झाली आहे, आणि किड्यापर्यंत पोचायच्या आतच ते त्याला फस्त करतात. कुठली ते प्रयोगशाळेत बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण दोन्हींत तेच औषध पुन्हा टाकणं ही चूकच. माळव्याला सुट्टी देऊन एक हंगाम ज्वारी घ्या, मध्ये दाट झेंडू लावा, निंबोळी पेंड घाला, चैत्र-वैशाखात जमीन भिजवून वर पातळ पारदर्शक प्लास्टिक अंथरा म्हणजे उन्हानं माती तापेल. आणि रोपं नेहमी स्वच्छ मातीत वाढवा, कारण किडा स्वतः फार चालत नाही. तो माणसाच्या हातानं, रोपाच्या मुळाच्या मातीतून एका रानातून दुसऱ्या रानात जातो.

तू लगेच पहिली बाजू घेतलीस, मी दुसरी. इतकी वर्षं आपण त्यावर भांडलो. "किडा निबर झालाय." "किडा नाही, माती औषध खाते आहे." "मातीला काय दात हायती व्हय?" भाऊजी कंटाळून उठून जायचे. गेल्या महिन्यात आपण दोघींनी मिळून माती भरून पिशवी बांधली होती, तपासायला पाठवायची म्हणून. कुणाचं खरं ते एकदा ठरू दे, असं मी म्हणाले होते. ती पिशवी मी आता पाठवणार नाही. तुझं खरं निघालं तर ते तुला सांगता येणार नाही, आणि माझं खरं निघालं तर भांडायला कुणी नाही.

आता त्या संक्रांतीकडे येते. पोरांनो, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्याकडे बायका हळदीकुंकू करतात आणि आलेल्या प्रत्येकीला एक वस्तू देतात, तिला वाण म्हणतात. दरवर्षी तुझ्याकडे बायका गर्दी करायच्या, कौसा. तू स्टीलची चमची दिलीस तरी त्या खूष. माझ्याकडे शिष्टाचार म्हणून यायच्या, पदर सावरून बसायच्या, "बाई, तब्येत बरी हाय ना," एवढं विचारून उठायच्या. त्या वर्षी मी ठरवलं, प्लास्टिकचे डबे आणि चमचे पुरे झाले, मी वाणात वांग्याची रोपं देईन. प्रत्येकीच्या रानात माझं झाड वाढेल.

विहिरीपलीकडे तुझा स्वच्छ मातीचा वाफा तयार झाला होता. तू मातीवर प्लास्टिक अंथरून ती महिना-दीड महिना तापवली होतीस. पण त्यातली रोपं लहान होती. मी नुसतं विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "जाऊबाई, रथसप्तमीपत्तूर थांबा, देते." मला तुझ्या वाफ्यातली रोपं नको होती. माझा स्वतःचा वाफा होता, भिंतीलगत, जुन्या रानात, जिथं मी मोजून, पुडक्यावरच्या प्रमाणात औषध दिलं होतं. त्या बाईंनी नको म्हटल्यानंतरही. मला दाखवायचं होतं की शिस्तीनं केलं तर होतं. रोपं हिरवीगार, तुझ्यापेक्षा बोटभर उंच. मी पहाटे खणली, मुळं दुखू नयेत म्हणून मातीचा गड्डा तसाच ठेवला, कागदी पेल्यांत लावली. प्रत्येक पेल्यावर चिठ्ठी, दोन झाडांतलं अंतर, पाणी कधी द्यायचं. एकही रोप मी धुऊन बघितलं नाही.

सतरा बायका आल्या होत्या. रोपं बघून त्यांचे चेहरे खुलले. भागाबाई, तुझी जिवाची मैत्रीण, सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली, "औंदा थोरल्या बाईंनी बाजी मारली गं कौसा!" तू हसलीस. मग तू एक पेला उचललास आणि मातीकडे बघितलंस. माझ्याकडे बघितलंस. विचारलं नाहीस. घर भरलेलं होतं, बायका माझं कौतुक करत होत्या, आणि तुला ते थांबवायचं नव्हतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, जळते आहे. मला फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला भागाबाई आणि चार-पाच जणी विहिरीवर आल्या. हातात उपटलेली भेंडी, काकडी. मुळांना गाठी. त्यांच्या रानांत तोवर हा रोग नव्हता.

"कौसाबाई, वाणाची वांगी जिथं लावली तिथूनच सुरू झालंय हे," भागाबाई म्हणाली. "कुनाच्या वाफ्यातली व्हती ती रोपं?"

मी ओट्यावर उभी होते. हाकेच्या अंतरावर. तू बादली खाली ठेवलीस.

"माज्याच वाफ्यातली. जाऊबाईंनी नुसत्या चिठ्ठ्या लावल्या."

"तुला ठावं नव्हतं?"

"न्हाई ठावं. चुकलं माजं."

भागाबाई तुला नाही नाही ते बोलली. लेकरांच्या तोंडचा घास वगैरे. तू ऐकून घेतलंस. त्यांच्या पाठी वळल्या तेव्हा मला वाटलं, आता ही माझ्याकडे येईल आणि बोलेल, आणि तिचा अधिकारच आहे. मी वाक्य तयार ठेवलं होतं. तू आलीस, पायऱ्यांवर बसलीस, पायाचा काटा काढलास आणि म्हणालीस, "भाकर थापू का तुमची, का सकाळची चालंल?"

मी म्हटलं, सकाळची चालेल.

त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मग त्याच्या पुढच्या दिवशी. मग तू कामाला लागलीस आणि सांगण्याची वेळ निघून गेली असं मी स्वतःला पटवलं. दोन उन्हाळे तू त्या सतरा जणींच्या रानांत प्लास्टिकच्या गुंडाळ्या डोक्यावर घेऊन फिरलीस. कुणाला झेंडूचं बी, कुणाला स्वच्छ वाफ्यातली रोपं. प्रत्येकीला डब्याची परीक्षा शिकवलीस. आधी तोंड फिरवणारी भागाबाईच पुढं तुझ्या डोक्यावरची गुंडाळी उतरवून स्वतः घ्यायला लागली. नारायणगडाच्या जत्रेत आपण गेलो तर दर दहा पावलांवर कुणीतरी तुला थांबवायचं आणि पिशवीतून वाळलेलं मूळ काढून दाखवायचं. देवाच्या दारात मुळं! मी प्रसादाचं ताट धरून उभी. बरेच जण मला विचारायचे, "तुमी कौसाबाईंच्या कोन?"

माझ्या चुकीनं तुला एवढं मोठं केलं. मी ती रोपं दिली नसती तर तू आपल्या मळ्यात राहिली असतीस, चार लोकांना माहीत असतीस. गुन्हा माझा, आणि माणसं जोडली तू. या गोष्टीवर जळावं की हसावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते. नेहानं शाळेसाठी इंग्रजीत निबंध लिहिला आणि मला तपासायला पाठवला. पहिली ओळ होती, माझी आजी शास्त्रज्ञ आहे. मी चष्मा पुसून पुन्हा लावला. हाक मारून आमच्या यांना बोलावणार होते. दुसऱ्या ओळीत तेलाचे डबे आले. मी स्पेलिंगच्या तीन चुका काढल्या आणि निबंध परत पाठवला. संध्याकाळी तुला सांगितलं तर तू लहान पोरीसारखी मागं लागलीस, "वाचून दावा की, काय लिव्हलंय माज्यावर?" मी एकेक वाक्य मराठीत करून वाचलं. शास्त्रज्ञ हा शब्द जिथं आला तिथं मी "हुशार" म्हटलं. चार वेळा आला होता. तू हुशारवरही इतकी खूष झालीस की मला तिथून उठून जावं लागलं. नेहा, तुझा शब्द मी तिला पोचवला नाही. तो आज पोचवते. कौसा, तिनं तुला शास्त्रज्ञ म्हटलं होतं.

तेराव्याच्या दिवशी हात धुताना मला मागून दोघींचं बोलणं ऐकू आलं. "माणूस सोन्याचं. तेवढी ती वांग्याची रोपं सोडली तर एक डाग न्हाई." मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. तू जाऊन तेरा दिवस झाले होते आणि तुझ्या नावावर एकच डाग होता, तो माझा.

म्हणून परवा मी भागाबाईला आणि जमतील तेवढ्या सगळ्यांना बोलावलं. नऊ जणी आल्या. मी काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, कागद हातात होता, पण वाचला नाही. सरळ सांगितलं. रोपं माझ्या वाफ्यातली होती. भिंतीलगतच्या. शास्त्रज्ञ बाईंनी नको म्हटलेल्या मातीतली. विहिरीवर ती खोटं बोलली आणि मी ऐकत उभी राहिले.

मग भागाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"बाई," ती म्हणाली, "किती मोठं मन तुमचं."

"भागाबाई, मोठं मन नाही. झालं ते सांगते आहे."

"कळतंय आमाला. गेलेल्या मानसाच्या नावाला बट्टा नगं म्हून तुमी आपल्या अंगावर घेताय. सख्खी भैन करनार न्हाई असं."

"अहो, मी स्वतः खणली ती रोपं!"

"बरं बरं. तुमीच खणली," असं म्हणून तिनं लेकराला समजवावं तसा माझा हात थोपटला. दुसरी म्हणाली, "कौसाबाईनं सोताच्या तोंडानं सांगितलं व्हतं की. ती कावून खोटं बोलंल? आन् तुमची रोपं खराब कशी असतील, तुमी तर समदं मोजून करता."

मी वही काढली. त्या वर्षीचं पान उघडून दाखवलं; भिंतीलगतचा वाफा, औषधाची तारीख, रोपं खणल्याची तारीख, सगळं माझ्या अक्षरात. त्यांच्यातल्या एकीच्या वाचता येणाऱ्या सुनेनं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वही हळूच मिटून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "राहू द्या, आजी. रडू नका."

जाताना एकेक करून सगळ्या माझ्या पाया पडल्या. आजवर कधी पडल्या नव्हत्या. भागाबाई दारातून परत फिरून म्हणाली, "औंदाच्या संक्रांतीला आमी तुमच्याकडंच येणार बगा, आदी तुमच्याकडं." मला आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं, आणि ते एका खोट्यासाठी. तू इतकं चोख खोटं बोलून ठेवलं आहेस की माझं खरं त्यात शिरायला जागाच राहिली नाही.

मी आणखी सांगून बघेन. पण त्या मानणार नाहीत, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. म्हणून हे लिहून काढलं, आता तारीख घालून, खाली सही करून पाठवेन. नेहा, ईशान, तुम्ही दूर आहात, तुम्हाला विहिरीवरचं ते ऐकायला मिळालेलं नाही, म्हणून तुम्ही तरी विश्वास ठेवू शकाल.

कौसा, माणसं तुझी होती, घे. पोरांचा पहिला प्रश्न तुझा होता, घे. किडा निबर झाला होता असं तुझं म्हणणं होतं, चल, तेही घे, मी माघार घेते. पण ती रोपं मी माझ्या हातानं खणली होती. तेवढी चूक मला परत दे.